दूध, दमा आणि आईच्या माथी मारलेला दोष

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सहावीतल्या एका मुलाला वर्गात धाप लागली. दप्तरात पंप होता, पण पोरांसमोर तो तोंडाला लावायची त्याला लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आईला शाळेत बोलावून घेतलं. मला एवढंच सांगायचं होतं की पंप घेण्यात लाजण्यासारखं काही नाही, घरीही मुलाला तसं समजावा. पण खुर्चीत बसल्या बसल्या तिनेच बोलायला सुरुवात केली. "टीचर, गलती मेरीच है. सिझर हुआ था, दूध उतराच नहीं. डब्बे का पिलाई, उसीच से दमा हुआ बोलते सब."

मला हे वाक्य ओळखीचं होतं. माझा धाकटा साडेतीन महिन्यांचा होता तेव्हा मी बी.एड. करत होते. सकाळी सराव पाठ, दुपारी तास, संध्याकाळी पाठ टाचणं. दिवसभर घरी त्याला डब्याचं दूध द्यावं लागे. चौथ्या वर्षी त्याची छाती वाजायला लागली आणि घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी डॉक्टरांच्या आधी निदान करून टाकलं, "डिग्री के पीछे बच्चे का दूध तोड़ी." त्यांनी ते दुष्टपणाने म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत राहिलं.

शिक्षकाला एक खोड असते. कोणी काही विधान केलं की आपण विचारतो, हे कुठून आलं? "आईचं दूध मिळालं नाही म्हणून दमा झाला" हे विधानही कुठून तरी आलं असणार. कोणी केलं, कधी केलं, कशाच्या आधारावर केलं? आणि त्याचं पुढे काय झालं? त्या शोधात जे वाचलं, ते इथे मांडते आहे.

दम, दमा आणि जुने तबीब

'दमा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'दम' म्हणजे श्वास. मराठीत दम लागतो, आपण दम खातो. उर्दूत दम घुटतो. अरबी वैद्यकात या आजाराला 'रब्व' म्हणत.

अरबी आणि फारसी तबीबांना हा आजार चांगला ठाऊक होता. रय शहरचे अबू बक्र अल्-राझी नवव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि दहाव्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेले. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत, हे नीट मांडणारे तबीब म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांचा एक छोटा रिसाला मला फार आवडतो. अबू झैद अल्-बल्खी हे त्या काळचे मोठे विद्वान. वसंत ऋतूत गुलाब हुंगला की त्यांचं नाक गळायला लागे. हे असं का होतं, यावर राझींनी तो रिसाला लिहिला. आज आपण ज्याला अ‍ॅलर्जीची सर्दी म्हणतो, तिच्या सर्वांत जुन्या नोंदींमध्ये तो गणला जातो.

पुढे बाराव्या शतकाच्या अखेरीस कैरोमध्ये मूसा इब्न मैमून या ज्यू तबीबाने एका बड्या असामीसाठी दम्यावर अरबीत ग्रंथ लिहिला. मैमून अय्यूबी दरबारातले तबीब होते. हवा, आहार, झोप आणि मनाची स्थिती यांवर त्यांचा भर आहे. दाट वस्तीच्या शहरातली कोंदट हवा श्वासाला बाधते, हे त्यांनी आठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं.

दोन वर्षांचं दूध

दुधाबद्दलही या तबीबांनी भरपूर लिहिलं आहे. इब्न सीना यांच्या 'अल्-कानून फित्-तिब्ब' या ग्रंथात तान्ह्या बाळाच्या संगोपनावर स्वतंत्र प्रकरणं आहेत. आईचं दूध सर्वांत चांगलं, कारण गर्भात बाळ ज्यावर पोसलं त्याच्याशी ते सर्वांत मिळतंजुळतं असतं, अशी त्यांची मांडणी आहे. दूध पाजण्याची स्वाभाविक मुदत त्यांनी दोन वर्षं सांगितली. आई पाजू शकत नसेल तर दाई कशी निवडावी, तिचं वय काय असावं, दुधाचा थेंब नखावर ठेवून ते पातळ की घट्ट हे कसं पाहावं, इतक्या बारकाईने ते लिहितात.

पण एका गोष्टीत त्यांची चूक झाली. बाळंतपणानंतर आईची प्रकृती स्थिर होईपर्यंत पहिले काही दिवस दुसऱ्या बाईने पाजलेलं बरं, असं त्यांचं मत होतं. हा समज त्यांच्याही आधीच्या ग्रीक वैद्यकात होता. आपल्या गावांत, हिंदू घरांत आणि मुस्लिम घरांतही, पहिलं पिवळं चिकाचं दूध पिळून फेकून देण्याची रीत कालपरवापर्यंत होती. आज आपल्याला ठाऊक आहे की हेच दूध प्रतिपिंडांनी भरलेलं असतं. थोर माणसाचंही प्रत्येक वाक्य तपासून घ्यावं लागतं, हे या एका उदाहरणावरून कळतं.

दोन वर्षांचा उल्लेख इब्न सीनांच्याही आधी कुरआनात आहे. सूरह बकराची २३३ वी आयत आपल्या बहुतेक वाचकांना माहीत असते. पण तिचा अर्धाच भाग जास्त सांगितला जातो. ज्यांना मुदत पुरी करायची आहे त्यांच्यासाठी दोन वर्षं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच आयतीत पुढे नवरा-बायकोने आपसात सल्लामसलत करून, राजीखुशीने दूध लवकर तोडलं तर त्यांच्यावर गुन्हा नाही, असंही आहे. दुसऱ्या बाईकडून पाजून घेण्याची मुभाही तिथेच आहे. खुद्द प्रेषितांना (स.) बनू साद टोळीतल्या हलीमा सादिया यांनी पाजलं होतं. दुधाच्या या नात्याला शरीयतने लग्नसंबंधात रक्ताच्या नात्यासारखंच मानलं. मुघल दरबारात 'कोका' म्हणजे दूधभाऊ हा मानाचा किताब होता. अकबराचा दूधभाऊ मिर्झा अझीझ कोका त्यामुळेच इतिहासात त्या नावाने ओळखला जातो.

म्हणजे आई पाजू शकली नाही तर काय करायचं, याचं उत्तर आपल्या परंपरेत होतं. त्यासाठी आईला गुन्हेगार ठरवण्याची गरज नव्हती.

अ‍ॅलर्जी या शब्दाचा जन्म

आता युरोपकडे वळू. १८१९ मध्ये लंडनचे डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी दर उन्हाळ्यात स्वतःलाच होणाऱ्या सर्दी-शिंकांचं आणि डोळे चुरचुरण्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. १८७३ मध्ये मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवून दिलं की हा त्रास गवताच्या परागकणांमुळे होतो. १९०२ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये यांनी कुत्र्यांवर समुद्री जीवांच्या विषाचे प्रयोग केले. पहिल्यांदा पचलेलं विष दुसऱ्यांदा अगदी थोडं दिलं तरी कुत्रा दगावत होता. शरीराला सवय होण्याऐवजी उलटंच घडत होतं. या शोधासाठी रिशे यांना १९१३ मध्ये नोबेल मिळालं.

व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये या सगळ्यासाठी एक शब्द घडवला: अ‍ॅलर्जी. दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला आहे. अर्थ असा की शरीर एखाद्या पदार्थाला 'वेगळ्याच' रीतीने प्रतिसाद देतं. शरीरातला कोणता प्रतिपिंड हे करतो, हे मात्र १९६६-६७ मध्ये कळलं. अमेरिकेत काम करणारं जपानी जोडपं किमिशिगे आणि तेरुको इशिझाका आणि स्वीडनमधले संशोधक अशा दोन ठिकाणी हा शोध लागला. त्या प्रतिपिंडाला आयजीई हे नाव मिळालं. आज रक्ततपासणीच्या कागदावर आपण जे 'आयजीई' वाचतो, ते हेच.

डब्याचं दूध आलं

त्याच काळात आणखी एक बदल घडत होता. कारखाने आले, बायका कामावर जाऊ लागल्या. १८६० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी बाळांसाठी तयार अन्न बनवलं. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी दूध, पीठ आणि साखर यांचं बालअन्न बाजारात आणलं. ज्या बाळाला आई नाही किंवा आईला दूध नाही, त्याच्यासाठी हे मोठं काम होतं. पण बाजाराला गरजू बाळं पुरेनात. मग ज्यांना गरज नाही, त्यांनाही डबा विकायला सुरुवात झाली.

१९३९ मध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये भाषण केलं. 'दूध आणि खून' असा त्या भाषणाचा विषय होता. साखर घातलेलं आटवलेलं दूध बाळांसाठी म्हणून खपवणं हा सरळ खून आहे, असं त्या म्हणाल्या. हा वाद पुढे चाळीस वर्षं चालला. १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये एक पुस्तिका निघाली, १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला आणि मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने दुधाच्या डब्यांच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. बाजूने ११८ मतं पडली, विरोधात एकच. ते मत अमेरिकेचं होतं.

भारतात या चळवळीला आकार देणारी बीपीएनआय ही संस्था डिसेंबर १९९१ मध्ये आपल्या वर्ध्याला स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, संसदेने कायदा करून बाळाच्या डब्याच्या दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली. आज डब्यावर आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम असल्याचं छापलेलं दिसतं, ते या कायद्यामुळे.

शिकागो, १९३६

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. दूध आणि अ‍ॅलर्जी यांची गाठ पहिल्यांदा मोठ्या आकड्यांनी कुणी बांधली? शिकागोच्या क्लिफर्ड ग्रुली आणि हेवर्थ सॅनफर्ड या डॉक्टरांनी. शहरातल्या बालकल्याण केंद्रांत आलेल्या २०,०६१ बाळांची पहिल्या नऊ महिन्यांची नोंद त्यांनी ठेवली. त्यांतली ९,७४९ फक्त आईच्या दुधावर होती, ८,६०५ दोन्हींवर आणि १,७०७ पूर्णपणे वरच्या दुधावर.

१९३४ मध्ये त्यांनी मृत्यूंचा हिशेब छापला. आईच्या दुधावरच्या ९,७४९ बाळांपैकी १५ दगावली होती. वरच्या दुधावरच्या १,७०७ पैकी १४४. मी हा आकडा दोनदा वाचला. सत्तर मुलांचे दोन वर्ग भरतील एवढी मुलं.

१९३६ मध्ये त्यांनी याच बाळांच्या इसबाचा हिशेब छापला. गाईच्या दुधावर वाढलेल्या बाळांत इसबाचं प्रमाण आईच्या दुधावरच्यांपेक्षा सातपट होतं. तान्ह्या वयातला इसब आणि पुढचा दमा यांची जोडी डॉक्टरांच्या ओळखीची होती, त्यामुळे निष्कर्ष सोपा वाटला: आईचं दूध अ‍ॅलर्जी रोखतं. जी समजूत आज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली आहे, तिचा एक मोठा उगम इथे आहे.

या निष्कर्षात एक अडचण होती. कोणत्या बाळाला वरचं दूध द्यायचं, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. आई आजारी, बाळ अशक्त, घरात अठराविश्वे दारिद्र्य, अशा अनेक कारणांनी बाळं वरच्या दुधावर जात. मग फरक दुधामुळे पडला की त्या परिस्थितीमुळे? शिवाय त्याच सुमारास अमेरिकेतले इतर डॉक्टर दाखवत होते की फक्त आईच्या दुधावरच्या बाळांनाही इसब होतो आणि आईने खाल्लेल्या अंड्याचा अंश तिच्या दुधात उतरू शकतो.

फिनलंड हो म्हणालं, न्यूझीलंड नाही म्हणालं

१९६१ मध्ये स्वीडनच्या लार्स हान्सन यांनी आईच्या दुधात आयजीए नावाचा प्रतिपिंड भरपूर असतो हे दाखवलं. बाळाच्या आतड्याला आतून संरक्षण देणारा हा प्रतिपिंड. आता दूध अ‍ॅलर्जी कसं रोखत असेल, याला एक पटणारं कारणही मिळालं.

फिनलंडमध्ये १५० मुलांना जन्मापासून १७ वर्षांपर्यंत तपासलं गेलं. १९९५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला की जास्त काळ आईचं दूध प्यालेल्यांना अ‍ॅलर्जीचे आजार कमी होते.

सात वर्षांनी, २००२ मध्ये, त्याच 'लॅन्सेट'मध्ये नेमका उलटा निष्कर्ष छापून आला. न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा २६ वर्षांपर्यंत मागोवा घेतला होता. निदान चार आठवडे आईचं दूध मिळालेल्या ५०४ जणांत दमा आणि मांजर, धूळ, गवत यांची अ‍ॅलर्जी जास्त निघाली. न मिळालेल्या ५३३ जणांत कमी!

वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. पण डनेडिनचा अर्थ "पाजू नका" असा नव्हता, जसा शिकागोचा अर्थ "डबा दिला म्हणजे दमा" असाही नव्हता. दोन्हीकडे आयांनी आपापल्या परिस्थितीनुसार निर्णय घेतले होते. ज्या घरात दमा आहे, तिथली आई डॉक्टरांच्या सांगण्यावरून मुद्दाम जास्त दिवस पाजते. बाळाच्या अंगावर इसब उठला तर दूध तोडायचं लांबवते. अशा वेळी दमा होण्याची शक्यता आधीच जास्त असलेली मुलं 'जास्त दूध प्यालेल्या' गटात जमा होतात. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते.

दुसरी गुंतागुंत म्हणजे छाती वाजणं एकाच प्रकारचं नसतं. तान्ह्या वयात विषाणूंच्या संसर्गाने छाती वाजते आणि मूल मोठं झालं की बऱ्याचदा थांबते. या प्रकारापासून आईच्या दुधाचं संरक्षण मिळतं. शाळेच्या वयात टिकून राहणारा, अ‍ॅलर्जीशी जोडलेला दमा वेगळा. दोन्हींना आपण 'दमा' म्हणतो आणि मग गोंधळ होतो.

एक मागे घेतलेला निबंध

या इतिहासात एक काळं पानही आहे. कॅनडाच्या मेमोरियल विद्यापीठात रणजित चंद्रा नावाचे मूळ भारतीय डॉक्टर होते. पोषण आणि प्रतिकारशक्ती या विषयात त्यांचं जगभर नाव होतं. १९८९ मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध छापला. पाजणाऱ्या आईने दूध, अंडी, मासे, शेंगदाणे वर्ज्य केले तर बाळाचा इसब कमी होतो, आणि पाजणं शक्य नसेल तर विशिष्ट प्रकारचा डबा उपयोगी पडतो, असं त्यात होतं.

त्यांच्यासाठी बाळांची नोंदणी करणाऱ्या परिचारिकेनेच तक्रार केली की पुरेशी बाळं गोळा होण्याआधीच त्यांचे निष्कर्ष छापून आले. विद्यापीठाच्या चौकशी समितीने १९९५ मध्ये गैरप्रकार झाल्याचं म्हटलं, पण अहवाल दाबून ठेवला गेला. २००६ मध्ये कॅनडाच्या दूरचित्रवाणीने तो उघड केला. निबंध अधिकृतपणे मागे घेतला गेला तो २०१५ मध्ये, म्हणजे छापल्यानंतर २६ वर्षांनी. दरम्यानच्या काळात त्याचा हवाला इतर लेखनात दिला जात राहिला. आधीच पथ्यांनी बेजार असलेल्या जच्चाच्या ताटातून आणखी काय काढून घ्यायचं, याला अशा कागदांचा आधार होता.

बेलारूसमध्ये नीट परीक्षा झाली

खरी परीक्षा कशी घ्यायची? शंभर आयांना "तुम्ही पाजा" आणि शंभरांना "तुम्ही पाजू नका" असं सांगता येत नाही. ते अन्यायाचं होईल. मॉन्ट्रियलचे डॉ. मायकल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. त्यांनी आयांऐवजी दवाखाने निवडले.

१९९६-९७ मध्ये बेलारूसमधली ३१ प्रसूतिगृहं आणि त्यांना जोडलेले बालदवाखाने घेतले. चिठ्ठी टाकावी तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटातल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना पाजणाऱ्या आईला कशी मदत करायची याचं प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटात पूर्वीसारखंच चालू ठेवलं. १७,०४६ माय-लेकरं या अभ्यासात होती आणि सगळ्याच आयांनी पाजायला सुरुवात केलेली होती. फरक फक्त मदतीचा. तिसऱ्या महिन्यात निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळं मदतीच्या गटात ४३ टक्के होती, दुसऱ्या गटात ६ टक्के.

मला हा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन्ही गटांतल्या आया सारख्याच होत्या. दूध 'उतरणं' हे आईच्या नशिबावर किंवा नीयतीवर नाही, तिला मदत मिळते की नाही यावर किती अवलंबून असतं, ते यातून दिसतं.

निकाल काय लागला? पहिल्या वर्षात पोटाचे संसर्ग १३.२ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आले. इसब ६.३ टक्क्यांवरून ३.३ वर आला, म्हणजे जवळजवळ निम्मा. शिकागोचे डॉक्टर इतक्यापुरते बरोबर होते. मग मुलं साडेसहा वर्षांची झाली तेव्हा जवळपास १४ हजार मुलांची पुन्हा तपासणी झाली. २००७ मध्ये निष्कर्ष छापला गेला: जास्त काळ आणि निव्वळ आईचं दूध दिल्याने दमा किंवा अ‍ॅलर्जी कमी झालेली आढळली नाही. मुलं सोळा वर्षांची झाल्यावर कोपराच्या-गुडघ्याच्या घडीतला इसब मदतीच्या गटात कमी दिसला, दम्याचं तसं नव्हतं.

या अभ्यासालाही मर्यादा आहे. अजिबात न पाजलेली बाळं त्यात नव्हती. 'जास्त' आणि 'कमी' यांचीच तुलना झाली. तरीही या विषयावर एवढी मोठी आणि नेटकी परीक्षा दुसरी झालेली नाही. २०१६ मध्ये 'लॅन्सेट'ने जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हाही अ‍ॅलर्जीच्या आजारांशी स्पष्ट संबंध आढळला नाही. त्याच आढाव्यात दुसरा आकडा होता: आईचं दूध जगभर पुरेसं दिलं गेलं तर वर्षाला ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळू शकतात.

शेंगदाण्याचा धडा

डॉक्टरांचा सल्ला कसा उलटू शकतो याचं आणखी एक उदाहरण देते. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये आणि २००० मध्ये अमेरिकेत सल्ला दिला गेला की घराण्यात अ‍ॅलर्जी असेल तर पाजणाऱ्या आईने शेंगदाणे टाळावेत आणि मुलालाही तीन वर्षं देऊ नयेत. तरी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी काही कमी होईना. २००८ मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांनी हा सल्ला मागे घेतला. त्याच वर्षी लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने दाखवलं की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही अ‍ॅलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या दसपट आहे. इस्रायलमध्ये बाळं वर्षाच्या आतच शेंगदाण्याचे कुरमुरीत खाऊ खातात, ब्रिटनमध्ये नाही.

मग त्यांनी ६४० बाळांवर थेट परीक्षा घेतली. २०१५ मध्ये निकाल आला. ज्यांनी लहानपणापासून शेंगदाणा खाल्ला त्यांच्यात पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी ३ टक्क्यांच्या आसपास, ज्यांनी टाळला त्यांच्यात १७ टक्के. (तान्ह्या बाळाला अख्खा दाणा कधीही देऊ नये, तो घशात अडकतो. आणि बाळाला मोठा इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.) म्हणजे जवळपास दहा वर्षं आयांनी आपल्या तोंडाला जे कुलूप लावलं, त्याचा उपयोग झाला नव्हता.

मग आपण काय म्हणायचं?

आपल्या समाजात एक सवय आहे. कुठे काही संशोधन छापून आलं की ते आयतीशेजारी लावून पोस्टर बनतं. दोन वर्षं पाजल्याने दमा होत नाही, अ‍ॅलर्जी होत नाही, असे संदेश मलाही व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. हेतू चांगला असतो. पण उद्या डनेडिनसारखा उलटा निष्कर्ष आला तर काय करणार? आपल्या श्रद्धेला नियतकालिकाच्या खुंटीवर टांगू नये. आणि ती आयत सांगायचीच असेल तर पूर्ण सांगावी, सवलतीसकट.

आईचं दूध द्यावंच. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने निव्वळ आईचं दूध आणि पुढे दुसऱ्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा अधिक काळ पाजायला सांगते. जुलाब, न्यूमोनिया यांपासून ते बाळाला वाचवतं, पहिल्या वर्षीचा इसबही कमी करतं. एवढी कारणं पुरेशी आहेत. दम्याच्या आश्वासनाची भर घालून आपण फक्त एक काम करतो: ज्या आईला पाजता आलं नाही, तिच्या गळ्यात आयुष्यभराचा दोष अडकवतो.

त्या दिवशी त्या मुलाच्या आईला मी बेलारूसची गोष्ट सोप्या भाषेत सांगितली. मग विचारलं, सिझर झाल्यावर बाळ छातीशी लावायला कुणी शिकवलं होतं का? ती म्हणाली, नाही, तिसऱ्या दिवशी सासूने डबा आणून दिला. मग मी घरातलं विचारलं. मुलाचे अब्बा आणि चाचा घरातच बिडी ओढतात. रात्री मच्छरची कॉइल, गुरुवारी लोबान, खोलीला एकच खिडकी. दमेकरी मुलाला धूर बाधतो, यात कोणत्याही दोन देशांचं दुमत नाही. पण त्या घरात बारा वर्षांत बिडीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. बोलणं फक्त दुधाबद्दल झालं होतं.

जाताना ती म्हणाली, "टीचर, ये बात आप उन के अब्बा को बोलेंगे क्या? मैं बोली तो सुनते नहीं." पुढच्या पालकसभेला त्यांना बोलावलं आहे. मी बोलणार आहे.